भित्र्या माणसाची रिव्हॉल्व्हरं

मी भित्रा माणूस आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कोणाचा गैरसमज नको. मी पालीला भितो, बंद लिफ्टला भितो, आणि कंपनीत होतो तोपर्यंत मॅनेजरच्या "जरा एक मिनिट येतोस का?" या वाक्याला तर फारच भ्यायचो. अशा माणसाकडे निकेलच्या मुलाम्याची तीन जुनी रिव्हॉल्व्हरं होती. ओळखीच्या लोकांना हे कळलं की ते आधी हसत, मग जरा थांबून माझ्याकडे नीट बघत.

पहिलं रिव्हॉल्व्हर वडिलांचं. ते वनखात्यात होते, सगळी नोकरी चंद्रपूरकडच्या जंगलात झाली. निवृत्त झाल्यावर आईला घेऊन ते पुण्याला माझ्याकडे, विश्रांतवाडीच्या फ्लॅटवर आले. त्यांच्या सामानात पितळी डबे होते, आईचं देवघर होतं आणि कातडी म्यानातलं हे रिव्हॉल्व्हर होतं. ते गेल्यावर वारसाने परवाना माझ्या नावावर व्हायला जो काळ लागला, त्यात मी प्रत्येक सरकारी टेबलासमोर गुन्हेगारासारखा उभा राहिलो. माझ्याकडे कोणी वाकड्या नजरेने बघितलं नाही, पण मला मात्र तसंच वाटत राहिलं.

खरं तर मी ते विकूनच टाकणार होतो. पण म्यानातून काढून पहिल्यांदा उजेडात धरलं आणि फसलो. निकेल पांढरं नसतं. क्रोम निळसर, थंड दिसतं; निकेलमध्ये थोडी पिवळसर ऊब असते, तापवून गार केलेल्या दुधावरच्या सायीसारखी. शंभर वर्षांपूर्वी कोणीतरी हा मुलामा चढवला होता आणि जंगलातल्या सगळ्या पावसाळ्यांतून तो टिकला होता. नळीच्या टोकाशी मात्र म्यानाच्या कातड्याने त्याला बारीक बारीक फोड आले होते. मला त्या फोडांचं वाईट वाटलं. एखाद्या हत्याराबद्दल वाईट वाटणं हे काही बरं लक्षण नव्हे, असं बायको म्हणाली.

दुसरं आलं खडकीकडच्या एका घरातून. लष्करातून निवृत्त झालेले गृहस्थ वारले होते, मुलगा सॉफ्टवेअरमध्ये होता, अमेरिकेला निघाला होता. त्या वर्षांत पुण्यात असं सारखं चालू होतं. मुलं विमानात बसत आणि मागे घरातल्या वस्तूंना नवे धनी शोधले जात. फ्रीज लगेच जात, रिव्हॉल्व्हर कोणी घेत नसे. तिसरं कॅम्पातल्या परवानाधारक दुकानदाराकडे कपाटात पडून होतं. त्या काळी कायद्याने माणशी तीन हत्यारं ठेवता येत, त्यामुळे माझा संग्रह तिथेच संपला. तीन वस्तूंना संग्रह म्हणायचं का, असं बायकोने विचारलं होतं. पुढे तीच त्यांना "तुमच्या त्या तिघी" म्हणायला लागली. कधी कधी सरळ "माझ्या सवती" म्हणायची.

ही जुनी रिव्हॉल्व्हरं सांभाळायची म्हणजे मुख्यतः त्यांना काही करायचं नाही. ती चकचकीत करायची नाहीत. भांडी घासायची पावडर, चिंच, लिंबू यांची सावलीही पडू द्यायची नाही. अमोनियाचं पॉलिश तर अजिबात नाही, कारण मुलाम्याला कुठे केसाएवढी चीर असली तर ते आत शिरतं आणि खालच्या तांब्याला खातं, मग वरचं निकेल पापुद्र्यासारखं सुटतं. भोसरीच्या एका कारखानदाराने "नवंकोरं करून देतो की" असं हौसेने सांगितलं होतं. मी तिथून जवळजवळ पळालोच. आईच्या विरलेल्या सुती साडीचा तुकडा घ्यायचा, थेंबभर पातळ तेल लावायचं, पुसून टाकायचं. म्यानात कधी ठेवायचं नाही. आणि उघड्या बोटांनी हात लावायचा नाही, कारण घामाचा ठसा निकेलवर उमटला की आठवड्याभरात तो तिथे राहायलाच येतो.

पुण्याच्या पावसाळ्यात कपाटातही दमट होतं. त्यावर मला उपाय सापडला तो कंपनीत. येरवड्याला आमचं ऑफिस होतं आणि दर महिन्याला नवे मॉनिटर, नवे सर्व्हर खोक्यांतून येत. त्या खोक्यांत ओल शोषणाऱ्या दाण्यांच्या पांढऱ्या पुड्या असत. सगळे लोक नव्या मशीनभोवती जमत आणि मी रिकाम्या खोक्यांत हात घालून पुड्या गोळा करी. माझ्या शेजारी बसणाऱ्या मुलीने एकदा विचारलं, "सर, हे घरी काय करता?" मी म्हटलं, लोणच्याला बुरशी येऊ नये म्हणून. खरं सांगायची माझी हिंमत झाली नाही.

कारण भीती होतीच, सतत होती. कोणाला कळेल का, कपाट फुटेल का, परवान्याच्या नूतनीकरणाला उशीर होईल का. निवडणुका आल्या की हत्यारं पोलिसांकडे जमा करावी लागत. मी प्रत्येकाला फ्लॅनेलची पिशवी शिवून घेतली होती. जमा करून घेणाऱ्या हवालदाराने त्या पिशव्यांकडे पाहिलं आणि चेहऱ्यावरची रेषही न हलवता म्हणाला, "साहेब, एवढं केलंत, तर यांना गादी-उशी पण देऊन जा की." मी कसनुसा हसलो आणि घरी येऊन निकाल लागेपर्यंत झोप उडवून बसलो.

पण सगळ्यात मोठी भीती वेगळी होती आणि ती कधीही गेली नाही. माझ्या या लाडक्या वस्तूंपैकी एखादीमुळे माझ्या घरातल्या कोणाचा तरी जीव जाईल, ही ती भीती. वर्तमानपत्रात दर काही महिन्यांनी ती बातमी यायचीच: साफ करताना, दाखवताना, गंमत करताना. प्रत्येक बातमीत कोणीतरी म्हणालेलं असायचं की ते रिकामं होतं. म्हणून मी कपाटातून काढताना उघडून बघायचो, ठेवताना उघडून बघायचो, मध्येच पाणी प्यायला उठलो तर परत येऊन उघडून बघायचो. माझ्या आयुष्यात मी एकही गोळी झाडलेली नाही. वडिलांच्या वेळची मूठभर काडतुसं परवान्यावर होती, ती रिव्हॉल्व्हरांजवळ ठेवायची नाहीत हा माझा नियम. रिव्हॉल्व्हरं माझ्या लोखंडी कपाटात आणि काडतुसांची डबी आईकडे, तिच्या देवघराखालच्या खणात कुलपात. किल्ली तिच्या कमरेला. आख्ख्या घरात तिच्यापेक्षा निर्धोक माणूस मला सुचला नाही. मुंगीसुद्धा ती फुंकर मारून बाजूला करायची.

आईशी माझं वाजायचं ते वर्षातून एकदा, खंडेनवमीला. वडील असताना त्यांचं रिव्हॉल्व्हर पाटावर मांडून त्याची पूजा व्हायची. ती प्रथा पुण्यातही चालू राहिली. आता पाटावर तिघी, शेजारी विळी, कात्री, माझा लॅपटॉप. भांडण हळदीकुंकवाचं. ओलं कुंकू निकेलवर लागलं की डाग पडतो. मी म्हणायचो, लावू नकोस. ती म्हणायची, "मंग पूजा कायची?" पुण्यात इतकी वर्षं काढूनही तिची बोली जशीच्या तशी होती. शेवटी तह झाला: खाली विड्याचं पान, हळदकुंकू पानावर, फूल शेजारी, धातूला काही लागणार नाही. तिला ते मनातून पटलेलं नव्हतं. लॅपटॉपला मात्र ती भरपूर कुंकू लावून घ्यायची, आणि दसऱ्यानंतर आठवडाभर माझ्या कीबोर्डमधून ते निघत राहायचं.

ज्या वर्षाचं सांगतोय त्या वर्षी तिने वाद घातलाच नाही. मी सकाळी तिघींना काढलं, एकेक उघडून पाहिलं, रिकामी आहेत याची खात्री केली, पाटावर साडीचा मऊ तुकडा अंथरून मांडली आणि आंघोळीला गेलो. ती म्हणाली, "जा तू, मी मांडते बाकी." आंघोळ करून आलो तर पाट सुंदर सजला होता. पानं, झेंडू, अक्षता, सगळं जिथल्या तिथे. एक फूलही धातूला टेकलेलं नव्हतं. मला आईचं कौतुक वाटलं आणि आपण उगीच दरवर्षी तिला बोलतो असंही वाटलं. ती मांडणी मोडून पुन्हा काही उचलणं माझ्या जिवावर आलं.

दुपारी जेवायला बहीण आणि तिची मुलगी आल्या. भाची नुकतीच हिंजवडीला कामाला लागली होती, आजीची सर्वांत लाडकी. तिने गळ्यातलं कंपनीचं ओळखपत्र काढून पाटावर ठेवलं आणि नमस्कार केला. सगळे हसलो. मग तिची नजर रिव्हॉल्व्हरांवर गेली.

"मामा, हे एम्प्टी आहेत ना?"

"तिन्ही मी स्वतः बघितलीत. पण हात लावायचा नाही."

"तू बघितलंस म्हणजे प्रश्नच मिटला," ती म्हणाली. "तू तर गॅस बंद आहे की नाही तेपण चारदा बघतोस."

जेवणं झाली. तेवढ्यात माझा मोबाइल वाजला. अमेरिकेला खंडेनवमी नसते. तिथला क्लायंट, काहीतरी बंद पडलेलं, आत्ता बघा. मी गॅलरीत गेलो, काचेचं दार ओढून घेतलं आणि बोलायला लागलो. बोलता बोलता सहज वळलो.

आत आई खुर्चीत बसली होती. तिने दोन्ही हात वर केले होते आणि ती तोंडाला पदर न लावता मोठ्यांदा हसत होती. असं तिला हसताना मी कितीतरी दिवसांत पाहिलं नव्हतं. भाची चार हात अंतरावर उभी राहून वडिलांचं रिव्हॉल्व्हर तिच्या छातीवर रोखत होती, आणि बहीण भाचीच्या नव्या मोबाइलवर फोटो काढत होती. भाची काहीतरी म्हणाली. काचेतून मला शब्द कळले नाहीत. पण घोडा पडल्याचा "कट्" असा आवाज मात्र आला.

मी दार ढकलून आत गेलो आणि ओरडलो. काय ओरडलो, तर बोटांचे ठसे पडतील. त्या क्षणी मला तेवढंच सुचलं. भाचीच्या हातातून मी ते घेतलं. ती चपापली, म्हणाली, "सॉरी मामा, चिल ना, फक्त एक फोटो." आई मलाच रागावली, "काहून पोट्टीवर ओरडून राहिला? सणाचं?" रिव्हॉल्व्हर घेऊन आतल्या खोलीत गेलो, पलंगावर बसलो, मांडीवर कापड घेतलं.

ते रिव्हॉल्व्हर मधोमध मोडून उघडतं. वरची कळ दाबली की नळी खाली झुकते आणि मागची चांदणी वर येऊन आत असेल ते बाहेर ढकलते. मी सवयीने कळ दाबली. काहीतरी माझ्या मांडीवर पडलं आणि घरंगळून पायाशी गेलं.

मी खाली वाकलो. काडतूस होतं. ते मी उचललं, कारण उचलल्याशिवाय मला विश्वासच बसला नसता. त्याच्या बुडाशी, बरोबर मधल्या टोपीवर, एक स्वच्छ गोल खड्डा पडलेला होता. घोडा पडला होता, टोचा बसला होता. वडिलांच्या काळातली दारू जंगलातल्या ओलीने मेलेली असावी, म्हणून उडाली नाही. इतकंच. दुसरं काहीही मध्ये आलेलं नव्हतं.

मला आधी काहीच झालं नाही. मग कानात गूंऽऽ असा आवाज सुरू झाला. बाहेरच्या खोलीत तिघी हसत होत्या, बहीण म्हणत होती, "अगं आई, फोटोत डोळे मिटलेस तू." आणि मग आठवलं की न उडालेलं काडतूस कधी कधी उशिरा उडतं. कुठे तरी वाचलेलं होतं. मी ते मुठीत धरून, भिंतीला धरत धरत गॅलरीत गेलो आणि कोथिंबिरीच्या कुंडीत मनगटापर्यंत हात घालून पुरलं. मघाशी कठड्यावर टाकून आलेल्या फोनवर अमेरिकेचा माणूस अजून "हॅलो, हॅलो" करत होता. मी फोन बंद केला.

बायको माझ्या मागे आली होती. माझा चेहरा बघून तिने नेहमीचं काही बोलायचं टाळलं. मी तिला सांगितलं. ती कुंडीकडे बघत राहिली, मग माझा मातीचा हात तिने आपल्या हातात घेतला. तिचाही हात गार पडला होता. "अहो," ती अगदी हळू म्हणाली, "पोरीला हे कधीही कळता कामा नये. कधीच. ती जगायची नाही."

तेव्हा मला दुसरी भीती कळली, जी तोपर्यंत सुचलीच नव्हती. मी नुसता आईच्या मरणाला भ्यालो होतो. बायकोने भाचीचं उरलेलं आयुष्य बघितलं होतं. आम्ही दोघं बाहेरच्या खोलीत त्यांच्यात जाऊन बसलो, चहा घेतला, फोटो बघितला. फोटो छान आला होता. भाची म्हणाली, "मामा, अजून रागावलायस?" मी नाही म्हटलं. पाचच्या सुमाराला भाची आपल्या स्कूटरवर हिंजवडीला गेली आणि बहीण रिक्षाने तिच्या घरी गेली.

मग मी आईसमोर जाऊन बसलो. ती खुर्चीत बसून पाटावरून गोळा केलेली फुलं निवडत होती. मी विचारलं, "आई, बाबांच्या रिव्हॉल्व्हरात काडतूस तू घातलंस?"

"हो नं," ती म्हणाली. तिच्या आवाजात ना घाबरणं होतं, ना लपवणं. "एकच घातलं. देवापुढं रिकामं कसं ठेवू? कुंकू तू लावू देत नाही. मंग म्हटलं, निदान भरलेलं तं असो. तुझे बाबा असेच ठेवत. तवा पूजा झाली का मीच काढून ठेवो. आज विसरलीच बाप्पा. तुम्ही सारे आले, जेवणं झाली, त्या गडबडीत."

ही बाई शेजारणीचं भांडं कधी रिकामं परत देत नसे. काही नसलं तर चिमूटभर साखर घालायची. नवी पर्स कोणाला द्यायची तर आत एक रुपया असायचाच. नव्या माठात पाण्याआधी तांदळाचे दाणे पडायचे. तिच्या लेखी रिकामी वस्तू पुढे करणं हा अपमान होता, मग ती वस्तू कोणतीही असो. आणि ज्या एका माणसावर सगळं सोपवून मी निर्धास्त होतो, ती हीच.

मला तिच्यावर ओरडायचं होतं. त्याऐवजी मी सगळं सांगितलं. बोटांचे ठसे, कळ, मांडीवर पडलेलं काडतूस, टोपीवरचा खड्डा. हळूहळू सांगितलं, कारण तिला नीट कळावं असंही वाटत होतं आणि कळू नये असंही वाटत होतं. तिच्या हातातली फुलं तशीच राहिली. तिचा चेहरा उतरत गेला. तिला किती भीती वाटतेय ते मला दिसत होतं आणि माझ्याने बघवत नव्हतं.

"तवा त्याचं तोंड कोणाकडं होतं?" तिने शेवटी विचारलं.

"तुझ्याकडे."

"पोट्टीकडं नव्हतं? ते फिरवत होती नं ती, आधी?"

"मी बघितलं तेव्हा तुझ्याकडेच होतं."

"आन तुझी बहीण?"

"ती बाजूला होती. आई, ते तुझ्या छातीवर होतं. तुझ्या."

"मंग ठीक," ती म्हणाली, आणि इतका मोठा श्वास सोडला की खांदे खाली आले. "मंग काही नाही झालं. मले वाटलं, पोट्टीकडं होतं का काय."

मी तिच्या पायाशी फरशीवर बसलो आणि तिच्या मांडीवर डोकं टेकून लहान पोरासारखा रडलो. पंधरा-वीस वर्षं मी कुलपं तपासली, रिव्हॉल्व्हरं उघडून पाहिली, गॅस चारदा बंद केला. तिने माझ्या केसांतून हात फिरवला. तिच्या बोटांना झेंडूचा वास येत होता. थोड्या वेळाने तिने मला ढोसलं.

"उठ आता. तिले फोन लाव. पोचली का नाही इचार," ती म्हणाली. "ते गाडी लय जोरात पळवते बाप्पा. मले त्याचं भेव वाटते."